वाचकांचे प्रश्न : नव्या सत्राची खरेदी

वरच्या वर्षांचे वर्ग भरू लागले, प्रथम वर्षाच्या प्रवेशफेऱ्या संपत आल्या आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही त्यासरशी बदलला. महिन्यापूर्वी सगळे मिक्सर आणि इन्व्हर्टरबद्दल विचारत होते, आता लॅपटॉप, चार्जर आणि टॅबलेट. सारखे प्रश्न एकत्र करून या वेळी उत्तरं देत आहोत.

मुलीला मेकॅनिकलला प्रवेश मिळाला आहे. वरच्या वर्षातली मुलं 'गेमिंग लॅपटॉपच घ्या' म्हणतात आणि दुकानदार 'एआय लॅपटॉप' पुढे करतो. पासष्ट-सत्तर हजारांपर्यंत खर्च करू शकतो. नेमकं काय बघायचं?
एक पालक, सिंहगड रोड

आधी कोणती सॉफ्टवेअर चालवायची आहेत ते बघा. लॅपटॉप त्यावरून ठरतो. पहिल्या वर्षी शाखा कोणतीही असो, प्रोग्रॅमिंगची ओळख, ड्रॉइंग आणि रिपोर्ट लिहिणं एवढंच काम असतं. ते साध्या लॅपटॉपवरही होतं. पुढे सॉलिडवर्क्स किंवा कॅटियासारखं थ्रीडी मॉडेलिंग येतं आणि त्यानंतर अ‍ॅन्सिससारखं विश्लेषण. मॉडेलिंग बहुतांशी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे तिथे दहा-बारा कोअर असण्यापेक्षा एका कोअरचा वेग कामाला येतो. विश्लेषणाला मात्र रॅम जास्त लागते. विद्यार्थ्यांना मोफत मिळणाऱ्या अ‍ॅन्सिसमध्ये मेशच्या, म्हणजे हिशोबासाठी मॉडेलचे जे बारीक तुकडे पाडतात त्यांच्या, संख्येला मर्यादा घातलेली आहे, म्हणजे फार मोठा प्रश्न त्यात घालताच येत नाही. मोठं काम कॉलेजच्या लॅबमध्येच होतं.

म्हणून आमची पसंती अशी: १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, गेल्या दोन-तीन वर्षांतला एच मालिकेचा प्रोसेसर, वजन दीड-पावणेदोन किलोच्या आत. यू मालिकेचा प्रोसेसर बॅटरी वाचवतो, पण अर्धा तास सलग ताण दिला की वेग खाली आणतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं तरी तीस-चाळीस भागांची असेंब्ली उघडते आणि फिरते. गेमिंग लॅपटॉपला ते कार्ड असतं खरं, पण त्यासोबत सव्वादोन-अडीच किलोचं वजन येतं, अर्धा किलोहून जड अ‍ॅडॉप्टर येतो आणि बॅटरी दुपारच्या लेक्चरपर्यंतही टिकत नाही. रोज स्वारगेटवरून बस बदलणाऱ्या मुलीच्या पाठीवर हे सगळं चार वर्षं असणार. मुलगी आर्किटेक्चरला असती तर आम्ही उलटा सल्ला दिला असता, कारण तिथली रेंडरिंगची सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डाशिवाय खरोखर अडतात.

आता 'एआय लॅपटॉप'. त्यात एनपीयू नावाचा जादा भाग असतो. मायक्रोसॉफ्टच्या 'कोपायलट प्लस' शिक्क्यासाठी तो सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया करणारा, म्हणजे ४० टॉप्सचा, असावा लागतो आणि सोबत किमान १६ जीबी रॅम. व्हिडिओ कॉलमध्ये पार्श्वभूमी धूसर करणं, बोललेलं लगेच लिहून दाखवणं, फोटोतली वस्तू पुसणं ही कामं तो कमी बॅटरीत करतो. मॉडेलिंगला त्याचा उपयोग नाही. लॅपटॉपमध्ये आयता आला तर वाईट काही नाही, पण त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. एक सावधगिरी मात्र हवी. या शिक्क्याचे काही लॅपटॉप स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवर, म्हणजे एआरएम पद्धतीवर चालतात. त्यांची बॅटरी उत्तम टिकते, पण इंटेल-एएमडीसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर त्यांना भाषांतर करून चालवावी लागतात आणि हार्डवेअरचे ड्रायव्हर तर भाषांतरानेही चालत नाहीत. लॅबमधलं जुनं मोजमापाचं यंत्र किंवा यूएसबी डोंगल जोडलं की तिथे गाडं अडतं. सॉलिडवर्क्स आणि कॅटिया मॅकवरही नाहीत. मेकॅनिकलच्या मुलीसाठी हे दोन्ही पर्याय वगळा.

रॅमबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुकीची खरेदी इथेच होते. पाटीवर '१६ जीबीपर्यंत वाढवता येते' असं लिहिलेलं असतं, पण आत ८ जीबी बोर्डावरच पक्की बसवलेली असते आणि जादा स्लॉट कधी असतो, कधी नसतो. दुकानातल्या नमुन्यावरच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली 'स्लॉट्स यूज्ड' म्हणून ओळ दिसते. 'वन ऑफ टू' असेल तर दुसरी जागा रिकामी असण्याची शक्यता आहे, पण विक्रेत्याकडून ते बिलावर लिहून घ्या. रॅमचा प्रकार एलपीडीडीआरने सुरू होत असेल तर ती जवळजवळ नक्की पक्की बसवलेली असते, पुढे काही करता येणार नाही. दुसरं म्हणजे, वेगळं कार्ड नसलेल्या लॅपटॉपचं ग्राफिक्स याच रॅममधून काम करतं. रॅमची एकच कांडी असेल तर रॅमकडे जायला एकच मार्ग उरतो आणि मॉडेल फिरवताना अडखळतं. त्याच प्रोसेसरला ८-८ जीबीच्या दोन कांड्या दिल्या की फरक उघड दिसतो. २०२५च्या उत्तरार्धापासून मेमरी चिपा चांगल्याच महागल्या, कारण कारखान्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला. म्हणून 'नंतर वाढवू' हा विचार पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही. जीएसटी कपातीच्या नावाने कोणी सवलत दाखवत असेल, तर सप्टेंबर २०२५च्या बदलात लॅपटॉपचा दर होता तोच, १८ टक्के, राहिला आहे. सवलत द्यायची तर दुकानदाराने स्वतःच्या खिशातून द्यावी!

स्क्रीनसाठी १९२० बाय १२०० आणि ३०० निट्स प्रकाश एवढं पुरे. '४५ टक्के एनटीएससी' लिहिलं असेल तर रंग फिके दिसतील. मेकॅनिकलला ते चालून जातं.

खोकं दुकानातच उघडा. खोक्यावरचा, लॅपटॉपच्या पाठीवरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एक आहे का ते बघा. पूर्ण पांढरी आणि मग पूर्ण काळी प्रतिमा स्क्रीनभर उघडून मेलेले ठिपके शोधा. आणि सर्वांत महत्त्वाचं, पहिल्यांदा सुरू करताना दुकानातल्या मुलाला त्याच्या ईमेलने खातं उघडू देऊ नका. 'सेटअप करून देतो साहेब' म्हणतात तेव्हा पुष्कळदा हेच होतं. सोबत आलेला ऑफिसचा परवाना त्या खात्याला चिकटतो, आणि नवीन विंडोज ११ मध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते, तिची किल्लीही त्याच खात्यात जाते. ही किल्ली ४८ आकडी असते. बायॉसच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, एखाद्या अपडेटनंतर लॅपटॉप अचानक ती मागतो, आणि ती सापडली नाही तर आतलं सगळं काम गेलं असं समजा. मुलीच्या स्वतःच्या खात्याने सुरू करा, मायक्रोसॉफ्टच्या खात्यात डिव्हाइसेस विभागात ही किल्ली दिसते, ती कागदावर उतरवून घरच्या कपाटात ठेवा. ऑफिससाठी वेगळे पैसे देण्याआधी कॉलेजच्या ईमेलवर ते मोफत मिळतं का विचारा, बऱ्याच ठिकाणी मिळतं.

स्मार्टवॉच घालून परीक्षेला बसू देतात का?
एक विद्यार्थी, हडपसर

नाही. काट्यांचं साधं घड्याळ घ्या.

फोनचा चार्जर ८० वॉटचा, लॅपटॉपचा ६५ चा. दोन्हींऐवजी १०० वॉटचा एकच गॅन (गॅलियम नायट्राइडचा, आकाराने लहान) चार्जर घेतला. आता फोन आधीपेक्षा हळू चार्ज होतो आणि लॅपटॉप 'स्लो चार्जर' असा इशारा देतो. चार्जर बनावट आहे का?
एक विद्यार्थी, नऱ्हे

बनावट असेलच असं नाही. यात दोन वेगळ्या भानगडी आहेत.

फोनची भानगड भाषेची आहे. चार्जर आणि उपकरण जोडल्याबरोबर किती व्होल्ट, किती अँपिअर हे आपसांत ठरवतात. लॅपटॉप आणि बाजारातले बहुतेक टाइप-सी चार्जर यूएसबी-पीडी या सार्वत्रिक पद्धतीने बोलतात. ६७, ८०, १२० वॉटचा दावा करणारे पुष्कळ फोन मात्र तो वेग कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीनेच, स्वतःच्या चार्जर आणि केबलवरच देतात. परका चार्जर भेटला की ते पीडीवर उतरतात आणि मॉडेलनुसार दहापासून तीसेक वॉटपर्यंतच घेतात. काही फोनना पीपीएस ही पीडीचीच पुढची पद्धत समजते, त्यांना परक्या चार्जरवरही बरा वेग मिळतो. फोनच्या माहितीपत्रकात पीपीएस लिहिलं आहे का बघा आणि चार्जरवरच्या बारीक अक्षरांतही तो शब्द शोधा. दोन्हीकडे हवा.

लॅपटॉपची भानगड बहुधा केबलची. साध्या टाइप-सी केबलमधून जास्तीत जास्त ३ अँपिअर जातात. २० व्होल्टला ३ अँपिअर म्हणजे ६० वॉट. तुमच्या लॅपटॉपला ६५ वॉट, म्हणजे सव्वातीन अँपिअर हवेत. त्यासाठी केबलच्या टोकात ई-मार्कर चिप असलेली ५ अँपिअरची केबल लागते. तिच्यावर १०० किंवा २४० वॉट असं छापलेलं असतं. फोनसोबत आलेली केबल लॅपटॉपला लावली असणार. आणि चार्जरला एकाच वेळी दोन वस्तू जोडल्या तर १०० वॉट विभागले जातात, एका दाराला ६५ आणि दुसऱ्याला ३० अशासारखे. नेमकी वाटणी चार्जरच्या पोटावर किंवा खोक्यावर कोष्टकात असते. दुसरी वस्तू जोडताक्षणी पहिलीचा पुरवठाही क्षणभर तुटतो, कारण वाटाघाट नव्याने होते. त्या चार्जरवर चालणाऱ्या हार्ड डिस्कवर फाइल कॉपी होत असेल तर तेवढ्यात फाइल खराब होऊ शकते.

तुमच्या पत्राच्या शेवटी एकाच एक्स्टेंशन बोर्डावर चार्जर, टेबल फॅन आणि १५०० वॉटची किटली चालते असं लिहिलंय. चार्जरपेक्षा आम्हाला त्याची काळजी वाटली. खोलीतला लहान सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॉटचा. एकटी किटलीच साडेसहा अँपिअर ओढते. बोर्ड लगेच पेटत नाही, आतली पितळी पट्टी तापून तापून सैल होते आणि मग ठिणगी पडते. किटली १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवर, सरळ, मध्ये बोर्ड न घालता लावा. वसतिगृहात तिला परवानगी नसेल तर प्रश्नच मिटला.

लातूरला येता-जाता रेल्वेत उपयोगी पडेल म्हणून २०,००० एमएएचची पॉवर बँक घेतली. फोन ५,००० चा. चारदा चार्ज व्हायला हवा, जेमतेम तीनदा होतो.
एक विद्यार्थिनी, शिवाजीनगर

तुमची पॉवर बँक चांगली आहे, हिशोब फसवा आहे. २०,००० हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा. गुणाकार केला की ७४ वॉट-तास होतात. बाहेर देताना हेच ५ किंवा ९ व्होल्टवर चढवावं लागतं, त्यात उष्णता म्हणून दहा-पंधरा टक्के जातात. हाती उरतात ६० ते ६५. फोनची बॅटरी साधारण १९ वॉट-तासांची आणि फोनमध्येही थोडं वाया जातं, म्हणजे एका पूर्ण चार्जला २१-२२ लागतात. तीनदाच होणार. खोक्यावर 'रेटेड कपॅसिटी' म्हणून १२,००० च्या आसपासचा आकडा बारीक अक्षरांत छापलेला असतो, खरेदी करताना तोच वाचायचा. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक चालते, तीही हातातल्या बॅगेत. सामानात टाकून देता येत नाही.

ज्यांनी अजून घेतलेली नाही त्यांच्यासाठी: रस्त्याकडेला चारशे-पाचशे रुपयांत '५०,००० एमएएच' लिहिलेली मिळते, ती हातात तोलून बघा. दंडगोल सेल सुमारे ४६ ग्रॅमचा असतो आणि त्यात अडीच-तीन हजार एमएएच मावतात. २०,००० साठी सात-आठ सेल, म्हणजे नुसते सेलच सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅम. दोनशे ग्रॅमच्या डबीत पन्नास हजार येणं शक्यच नाही. शिवाय पाठीवर बीआयएसची खूण आणि आर या अक्षरापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक हवा. 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये तो टाकला की उत्पादकाचं नाव आणि ब्रँड दिसतो. ब्रँड जुळला नाही तर शिक्का उसना आहे.

दर गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते आणि नेमकी तेव्हाच ऑनलाइन चाचणी असते. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो तो कामाचा आहे का?
एक प्राध्यापिका, कोथरूड

कामाचा आहे. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर आउटपुट वाचा: १२ व्होल्ट, १ अँपिअर असेल तर तसाच यूपीएस घ्या. ९ व्होल्टच्या राउटरला १२ देऊ नका. साधारण ३७ वॉट-तासांचा यूपीएस राउटर तीन तास तरी चालवतो. लोक विसरतात ते दुसरंच: फायबरची तार ज्या डबीत येते ती डबी आणि वायफायचा राउटर काही घरांत वेगवेगळे असतात. एकालाच यूपीएस दिला तर वायफायची खूण दिसते पण इंटरनेट नसतं. अशा वेळी दोन आउटपुट असलेला घ्या आणि त्याचे एकूण वॉट दोन्ही डब्यांना पुरतात का ते बेरीज करून पाहा. यूपीएस बंद कपाटात ठेवू नका, तो गरम होतो.

कंपन्यांतून निघालेले लॅपटॉप बावीस-पंचवीस हजारांत मिळतात. घ्यावेत का? आणि दुकानात उभ्या उभ्या काय तपासता येईल?
बीकॉमचा विद्यार्थी, पिंपरी

बीकॉमला, बीएला, एक्सेल आणि टॅलीला हा सगळ्यात शहाणपणाचा सौदा आहे. तेवढ्याच पैशांतल्या नव्या लॅपटॉपपेक्षा याचा कीबोर्ड, बिजागरी आणि बांधणी कितीतरी सरस असते. अट एकच, पैसे देण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं तिथे बसायची तयारी हवी. विक्रेता घाई करत असेल तर उठून या.

प्रोसेसरचं पूर्ण नाव आधी वाचा. इंटेलमध्ये आय-फाइव्हपुढच्या आकड्यांवरून पिढी कळते: ८२५० म्हणजे आठवी, ११३५ म्हणजे अकरावी. विंडोज ११ ला आठवी किंवा पुढची पिढी लागते आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे 'आय-सेव्हन आहे' म्हणून सहाव्या पिढीचा ६६०० गळ्यात मारला जात असेल तर नको म्हणा. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह त्याहून बरा.

मग बॅटरी. स्टार्टमध्ये सीएमडी लिहून काळी खिडकी उघडा. तिथे इंग्रजीत 'पॉवर' आणि त्याला जोडूनच सी-एफ-जी ही अक्षरं, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' हा एक शब्द लिहून एंटर दाबा. फाइल कुठे ठेवली ते तिथेच दिसतं. ती ब्राउझरमध्ये उघडली की 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे मिळतात. दुसरा पहिल्याच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागा. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन जा. त्यात एसएसडीचं आरोग्य टक्क्यांत आणि ती एकूण किती तास चालली ते कळतं.

सगळ्यात मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. कंपन्या आपले लॅपटॉप दुरून नियंत्रित करतात आणि काही वेळा विकताना ती नोंद काढायची राहून जाते. आज लॅपटॉप व्यवस्थित चालतो. सहा महिन्यांनी तुम्ही विंडोज नव्याने टाकता, इंटरनेट जोडता आणि तो एखाद्या अनोळखी कंपनीचा लॉगिन मागत बसतो. त्यावर तुमच्या हातात इलाज नाही. म्हणून विक्रेत्याला समोरच रीसेट करायला लावा आणि तुमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडा. कंपनीचं नाव न येता साधं खातं विचारलं तर ठीक. सुरू होताना बायॉसमध्येही शिरून बघा, कुठे एफ-टू, कुठे एफ-टेन. तिथे पासवर्ड मागितला तर परत द्या. उरलेलं सोपं आहे: नोटपॅडमध्ये प्रत्येक कळ दाबा, प्रत्येक यूएसबीत पेनड्राइव्ह लावा, कॅमेरा उघडा, बिजागरी शेवटपर्यंत नेऊन आवाज ऐका. बिलावर सीरियल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहिलेले हवेत.

याच पद्धतीने जुना फोन घेणार असाल तर स्टार, हॅश, ०६, हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, मिळवा. के-वाय-एम ही इंग्रजी अक्षरं, जागा सोडून तो पंधरा आकडी क्रमांक, असा संदेश १४४२२ ला पाठवा. उत्तरात 'ब्लॅकलिस्टेड' किंवा 'डुप्लिकेट' आलं तर फोन चोरीचा किंवा छेडछाड केलेला असण्याची शक्यता आहे.

वह्यांऐवजी टॅबलेटवर नोट्स काढायचा विचार आहे. पेनही घेणार. पुढच्या सत्रापासून वही बंद केली तर?
एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

वही पूर्ण बंद करू नका. परीक्षेत उत्तरपत्रिका पेनानेच भरायची आहे आणि काचेवर लिहिणाऱ्या हाताची कागदावरची गती व अक्षर दोन्ही बिघडतात. पीडीएफवर खुणा करायला, आकृत्या रंगवायला आणि जाड संदर्भग्रंथ सोबत बाळगायला मात्र टॅबलेटसारखं दुसरं साधन नाही.

घ्यायचाच तर ११ इंचांच्या आसपासचा. ८ इंचांवर ए-फोरचं पान झूम केल्याशिवाय वाचता येत नाही. पेन त्या टॅबलेटसाठी बनलेलं, स्वतःची चिप असलेलं हवं. दोनशे-तीनशे रुपयांचं रबरी टोकाचं पेन म्हणजे फक्त बोटाची जागा घेणारी काडी, त्यावर तळवा टेकला की रेघा उमटतात. कंपनीच्या पेनांतही फरक आहे: अ‍ॅपलचं यूएसबी-सी पेन्सिल मॉडेल दाब ओळखत नाही. नोट्सना चालतं, चित्रकलेला नाही. कागदासारखा खरखरीत स्क्रीनगार्ड लावला तर अक्षर सुधारतं, पण पेनाचं टोक भराभर झिजतं, तेव्हा जादा टोकं कुठे मिळतात ते आधी विचारा. अ‍ॅपमधून पूर्ण वही पीडीएफ म्हणून बाहेर काढता येते ना, हे विकत घेण्याआधी बघा. नाहीतर टॅबलेट बदलला की नोट्स त्याच अ‍ॅपमध्ये अडकतात.

अप्पा बळवंत चौकात कॅल्क्युलेटर घ्यायला गेलो तर कॅसिओचा ९९१-ईएक्स आणि ९९१-सीडब्ल्यू दोन्ही दाखवले. नवा म्हणून सीडब्ल्यू घ्यावा का?
इंजिनिअरिंग, प्रथम वर्ष

ईएक्स चांगल्या स्थितीत, खात्रीच्या दुकानात मिळत असेल तर तोच घ्या. गणिती ताकद जवळजवळ सारखी आहे. सीडब्ल्यूमध्ये बरीच कामं कळांवरून काढून यादीत नेली आहेत. अपूर्णांकाचं दशांशात रूपांतर ईएक्सवर एका कळीत होतं, सीडब्ल्यूवर फॉरमॅट दाबून यादीतून निवडावं लागतं किंवा आधी शिफ्ट आणि मग उत्तर काढायची ईएक्सई ही कळ दाबावी लागते. पेपरमध्ये हे शंभरदा करायचं असतं. सीडब्ल्यूच घेतला असेल तर हा शिफ्टचा रस्ता आत्ताच बोटांना शिकवा. मित्राचा ईएक्स पाहून त्याच्या कळा पाठ करू नका, त्या जुळत नाहीत. दोन्ही प्रोग्रॅम साठवत नाहीत, तरी विभागाची परवानगी असलेल्या मॉडेलांची यादी एकदा बघा. गेट या एमटेकच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी जोडून सांगतो, तिथे स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही, स्क्रीनवरचाच वापरावा लागतो.

लेक्चर रेकॉर्ड करून त्याचा आपोआप सारांश देणारी छोटी एआय यंत्रं आणि कॅमेऱ्याचे चष्मे यांच्या जाहिराती सारख्या दिसतात. अभ्यासाला फायदा होईल?
एमएची विद्यार्थिनी, औंध

चष्म्याचा नाही. रे-बॅन मेटा भारतात मे २०२५ मध्ये २९,९०० रुपयांपासून विक्रीला आला. चालता चालता फोटो आणि व्हिडिओ काढायला तो मजेशीर आहे, पण फळ्याचं स्पष्ट चित्र फोनचा कॅमेरा जास्त चांगलं काढतो. वर्गात समोरच्या माणसाच्या चेहऱ्यासमोर कॅमेरा घालून बसणं कोणत्याही शिक्षकाला रुचणार नाही. परीक्षेच्या खोलीत तो नेणं म्हणजे कॉपीच्या प्रकरणाला आमंत्रण. नंबरच्या काचा त्यात बसवलेल्या असतील तर साधा चष्मा सोबत ठेवावाच लागेल.

रेकॉर्डर यंत्रांची परीक्षा आपल्याकडे वेगळी घ्यावी लागते. पुण्यातलं लेक्चर 'आता हा जो डिमांड कर्व्ह आहे तो डावीकडे शिफ्ट होतो' अशा मिश्र भाषेत चालतं. यंत्र भाषा एकच धरतं आणि अर्धी वाक्यं वाकडी करतं. सारांश तर चुकलेल्या वाक्यांचाही ठामपणे लिहून देतं, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. शिवाय बोलणं मजकुरात उतरवून देण्याची ठरावीक मिनिटंच मोफत असतात, पुढे दरमहा वर्गणी. आधी फोनच्याच रेकॉर्डरवर, शिक्षकांना विचारून, दहा मिनिटं ध्वनिमुद्रण करा, एखाद्या मोफत सेवेत घाला आणि निघालेला मजकूर स्वतःच्या नोट्सशेजारी ठेवून वाचा. मागच्या बाकावरून पंख्याचा आवाज किती येतो हेही कळेल. त्यानंतर यंत्र घ्यावंसं वाटलं तर घ्या.

फोन आयपी६८, म्हणजे पाणी-धूळरोधक दर्जाचा आहे. पावसात भिजला तर चार्जिंगच्या जागी पाणी असल्याचा इशारा येतो. तांदळात ठेवला, फरक पडला नाही.
एक विद्यार्थी, वारजे

तांदळाने फरक पडणारही नाही, उलट त्याची भुकटी पोर्टमध्ये जाते. फोनचं पोर्ट खाली करून तळहातावर हलके आपटा, मग पंख्याच्या वाऱ्यात अर्धा-एक तास उभा ठेवा. इशारा परत आला तर पुन्हा वाळवा, पूर्ण कोरडं व्हायला दिवसही लागू शकतो. तोवर तार लावू नका. ओल्या पोर्टला वीज मिळाली की पिना हिरवट होऊन गंजतात आणि मग इशारा कायमचा चिकटतो. घाई असेल आणि फोनला सोय असेल तर बिनतारी चार्जिंग करा, पाठ पुसून. हेअर ड्रायर आणि कापूस दोन्ही लांब ठेवा.

आयपी६८ ची चाचणी नव्या फोनवर, साध्या स्थिर पाण्यात होते. दुचाकीवर समोरून येणारा पाऊस, साबणाचं पाणी किंवा एकदा पडून चिरलेली कड हे त्यात धरलेलं नाही. बहुतेक कंपन्या पाणी शिरल्याची दुरुस्ती वॉरंटीत घेत नाहीत.

दादाचा जुना लॅपटॉप वापरायला काढला. टचपॅड वर आल्यासारखा दिसतो आणि झाकण नीट लागत नाही. दाबून बसवू का?
एक विद्यार्थी, धायरी

दाबू नका. आतली बॅटरी फुगली आहे. आत्ताच चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि गादीवर किंवा बॅगेत न ठेवता फरशीवर, पडदे-कागदांपासून दूर ठेवा. फुगवट्याला टोचलं किंवा वाकवलं तर आतले थर एकमेकांना भिडून आग लागू शकते. व्हिडिओ बघून स्क्रू काढत बसू नका, त्याच वेळी पेचकस टोचतो. दुरुस्ती केंद्राला आधी फोन करून 'फुगलेली बॅटरी आहे' असं सांगा आणि मग न्या. दुचाकीच्या डिकीत नको, तिथे तापतं.

बदललेली बॅटरी परत मागून घरी आणू नका, ती केंद्रातच जमा करा. बॅटरी-कचऱ्याच्या नियमांनुसार तिची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रामार्फतच व्हायला हवी. घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात ती दाबली गेली तर गाडीत आग लागू शकते. नवी बॅटरी टाकल्यावर लॅपटॉप दिवसभर तारेवरच चालणार असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा बायॉसमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय शोधा आणि सुरू करा. सतत शंभरावर आणि गरम राहिल्यानेच बॅटऱ्या लवकर फुगतात.